आधी रोजकीर्द, मग नक्कल

आपल्या ग्रंथालयाच्या कार्यालयात शिरताच डाव्या हातास जे काचेचे कपाट लागते, त्यात दाखल नोंदवह्यांची रांग आहे. पहिल्या वहीतील अक्षर टाकाचे आहे, शाई तपकिरी झाली आहे, तरी अनुक्रमांक मात्र ठसठशीत वाचता येतात. या वह्यांकडे मी कित्येक वर्षे एक शोभेची वस्तू म्हणूनच पाहत आलो. सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत ती दृष्टी बदलली.

झाले असे की, त्या महिन्यात एका रात्री छप्पर गळले आणि ग्रंथालयाचा संगणक निकामी झाला. ग्रंथसूची, सभासदांची यादी, देवघेवीच्या नोंदी, सारे त्यात होते. नक्कल ठेवलेली नव्हती असे नाही. परंतु ती ज्या डिस्कवर होती ती त्याच टेबलाच्या खणात होती, आणि पाण्याने दोहोंचा एकदमच निकाल लावला. पुष्कळ शोधाशोधीनंतर एका कार्यकारिणी सदस्यांच्या घरी मार्च महिन्यातील एक प्रत सापडली. मार्च ते जुलै हे चार महिने कोठेच नव्हते. ते परत मिळाले ते केवळ ग्रंथपालांच्या हट्टामुळे. संगणक आल्यानंतरही त्यांनी दाखल नोंदवही आणि देवघेवीची रोजवही हाताने लिहिण्याचे सोडले नव्हते. त्यावरून एका सभेत त्यांची थट्टाही झाली होती, आणि थट्टा करणाऱ्यांत प्रस्तुत लेखक होता. मार्चची प्रत पुढे ठेवून, तीवर रोजवहीतील एकेक नोंद क्रमाने चढवीत आम्ही नऊ दिवसांत ग्रंथालय पूर्ववत केले.

माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत ऐरोली येथील एका डेटा सेंटरमध्ये नोकरीस आहे. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडे दुसरे काय चालते? हेच. फक्त सेकंदाला काही हजार वेळा." त्याने पुढे जे समजावून सांगितले त्यातून, आणि त्यानंतर मी जे वाचले त्यातून, हा लेख उतरला आहे. मी मराठीचा अध्यापक. यंत्रांची विद्या माझी नव्हे. परंतु नोंद आणि नक्कल यांचा इतिहास कोणत्याही ग्रंथालयास परका नसावा.

जमाखर्चाची जुनी रीत आपल्याकडील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेच. व्यवहार घडला की तो प्रथम रोजकीर्दीत लिहावयाचा, जसा घडला तसा, ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने. त्यानंतर सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर तो मांडावयाचा. खतावणी जळाली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. उलट मात्र सहजी होत नाही, कारण खाते हिशेबाची आजची स्थिती सांगते आणि रोजकीर्द तेथपर्यंतची वाट सांगते. युरोपातही हीच शिस्त होती. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यास तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्ची टिपणवही, रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीतील नोंद खतावणीत उतरली की तीवर तिरपी रेघ मारावी, नावेची एक आणि जमेची एक, असे तो सांगतो. या दोन रेघांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कोठपर्यंतचे काम पुरे झाले आणि कोठून पुढचे राहिले, हे त्या रेघा सांगतात. पाच शतकांनंतर यंत्रांनी नेमकी हीच खूण निराळ्या रूपाने वापरली. रोजकीर्दीला पाचोलीच्या परंपरेतील इंग्रजी नाव 'जर्नल', आणि संगणकशास्त्रातही तेच रूढ झाले.

दूरच्या प्रतीचा प्रश्न निराळा, आणि गोव्यातील वाचकांस तो विशेष जवळचा. पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोन्सून बुके' म्हणून ओळखले जाणारे पोर्तुगीज पत्रव्यवहाराचे खंड आहेत. लिस्बनची गलबते वसंतात निघत आणि पावसाळ्याच्या शेवटास गोव्यास लागत; मोसमी वाऱ्यांवर चालणारा पत्रव्यवहार म्हणून हे नाव. समुद्राचा भरवसा नसल्याने महत्त्वाचे पत्र एकाच गलबताने पाठवीत नसत. त्याच्या दोन, तीन प्रती करून निरनिराळ्या गलबतांतून त्या रवाना होत आणि प्रत्येकीवर 'पहिली वाट', 'दुसरी वाट' असा शेरा असे. मुंबईकर इंग्रजांचाही क्रम फारसा वेगळा नव्हता. त्यांच्या कौन्सिलाची 'डायरी' मुंबईत राही आणि तिची नक्कल लंडनला जाई. पत्रांतील परिच्छेदांना क्रमांक असत आणि उत्तर त्या क्रमांकांच्या आधारे येई. अमुक परिच्छेद पोहोचला, तमुक पोहोचला नाही, हे सांगण्याचा तोच मार्ग होता. दूरची प्रत नेहमीच मागे असणार, हे त्या मंडळींनी मान्य केले होते. लिस्बनला गोव्याची जी स्थिती माहीत असे ती कित्येक महिन्यांपूर्वीची असे. परंतु जेवढे पोहोचले ते ओळीने पोहोचले की नाही, हे त्यांना कळत असे.

या दोन जुन्या युक्त्या, म्हणजे आधी रोजकीर्द लिहिणे आणि क्रमांक घालून दूर पाठविणे, यांची यंत्रांत सांगड पडावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

पहिली युक्ती आधी आली. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्याकरिता आय.बी.एम. कंपनीने इतरांच्या साहाय्याने जी माहितीव्यवस्था बांधली, ती १९६८ साली चालू झाली. तीत बदलांची नोंद चुंबकीय फितीवर होत असे. पुढे आय.बी.एम.मध्येच काम करणाऱ्या जिम ग्रे या शास्त्रज्ञाने १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणांत या शिस्तीची मांडणी केली: मूळ माहितीत फरक करण्यापूर्वी त्या फरकाची नोंद सुरक्षित जागी लिहिली गेलीच पाहिजे. वीज गेली, यंत्र कोसळले, तरी नोंदी वाचून काम पुरे करता येते किंवा अर्धवट राहिलेले काम मागे घेता येते. १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीस जे पक्के रूप दिले त्याचा ठसा आजच्या बहुतेक मोठ्या माहितीव्यवस्थांवर आहे. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, हे सांगताना थोडा अभिमान वाटतो. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ च्या जानेवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या होडीने एकटेच समुद्रात गेले आणि परतले नाहीत. मोठा शोध झाला, परंतु काहीही हाती लागले नाही.

ही रोजकीर्द मात्र यंत्राजवळच राहत होती. इमारतच गेली तर? १९९० च्या दशकात बँका व विमा कंपन्यांपुढे हा प्रश्न उभा होता, आणि त्यावर साठवणयंत्रणांनी, म्हणजे शेकडो डिस्क एकत्र बांधलेल्या मोठ्या कपाटवजा यंत्रांनी, प्रथम जे उत्तर दिले ते सरळ होते. ई.एम.सी. कंपनीने १९९४ साली आणलेल्या पद्धतीत जवळच्या यंत्रावरील प्रत्येक लेखन लगेच दूरच्या यंत्रावर जाई आणि तेथून पावती आल्याखेरीज ते पुरे झाले असे मानले जात नसे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, सभासदाच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी शिपायाने दुसऱ्या गावी धावत जाऊन तेथील वहीत नोंद करून परत यावे, आणि तोवर सभासदाने खिडकीशी उभे राहावे. एकही नोंद हरवावयाची नाही हा या रीतीचा मोठा गुण. दोष अंतराचा. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन येण्यास एक सहस्रांश सेकंद. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते, परंतु प्रत्येक लेखनास ही खोटी झाली तर सारा कारभार रेंगाळतो. मुंबई ते चेन्नई हे हवाई अंतर हजार किलोमीटरच्या घरात आहे. तेथे प्रत्येक नोंदीमागे निदान दहा सहस्रांश सेकंद जाणार. म्हणून ही रीत शंभर किलोमीटरच्या आतबाहेरच शोभते.

मग पावतीची वाट न पाहता पाठवावे, हा दुसरा मार्ग. येथे खरी अडचण सुरू होते, आणि ती वेगाची नसून क्रमाची आहे. समजा, सकाळी एका वाचकाने 'यमुनापर्यटन' परत केले आणि लगेच दुसऱ्याने तेच नेले. या दोन नोंदी दूरच्या वहीत उलट क्रमाने पोहोचल्या तर तेथे काय दिसेल? पुस्तक कपाटात आहे असे दिसेल. दोन्ही नोंदी पोहोचल्या, दोन्ही खऱ्या, आणि प्रत मात्र खोटी. बँकेत एका खात्यातून रक्कम वजा होऊन दुसऱ्यात जमा व्हावयाची असते तेव्हा असा उलटापालट किती महागात पडेल हे सांगावयास नको. शिवाय ही दोन खाती दोन निरनिराळ्या डिस्कवर असली तर क्रम एकेका डिस्कपुरता राखून भागत नाही. साऱ्या गटाचा क्रम एकच असावा लागतो. आय.बी.एम.ने याच दशकाच्या मध्यास आपल्या मोठ्या यंत्रांसाठी जी पद्धत काढली, तीत प्रत्येक लेखनावर एका सामाईक घड्याळाची वेळ उमटविली जाई. दूरच्या बाजूचा एक कार्यक्रम ती लेखने ओढून घेई, वेळेनुसार लावी, आधी स्वतःच्या जर्नलात लिही आणि मगच मूळ प्रतीवर चढवी. रोजकीर्द आता परगावी गेली होती.

तरीही एक उणीव उरली. पाठवावयाच्या राहिलेल्या नोंदी जवळचे यंत्र आपल्या स्मृतीत धरून ठेवी, आणि ती स्मृती महाग व म्हणून मर्यादित असे. तार थोडा वेळ बंद पडली की ती भरून जाई. भरली की यंत्र नोंदी लिहिणे सोडून देई आणि फक्त कोणकोणत्या जागा बदलल्या एवढ्याच खुणा करून ठेवी. तार सुरू झाल्यावर खुणेच्या जागा पाठविल्या जात, परंतु त्या कोणत्या क्रमाने बदलल्या हे आता कोणासच ठाऊक नसे. ते पाठविणे पुरे होईपर्यंत दूरची प्रत धड जुनी नाही, धड नवी नाही, अशा स्थितीत राही. आणि नेमके त्याच वेळी मूळ यंत्रावर संकट आले तर ती प्रत निरुपयोगी. कारकुनाने सभासदांच्या गर्दीत वही लिहिणे सोडून नुसत्या पुस्तकांवर चिठ्ठ्या डकवाव्यात, तसा हा प्रकार.

या सुमारास न्यूयॉर्कची दुर्घटना घडली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या इमारती कोसळल्या आणि तेथील शेअरबाजार १७ तारखेपर्यंत बंद राहिला. काही संस्थांची मुख्य जागा आणि पर्यायी जागा एकाच संकटाच्या टापूत होत्या, म्हणजे आमच्या टेबलाच्या खणाचीच मोठी आवृत्ती. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व इतर दोन नियामकांनी एप्रिल २००३ मध्ये जे टिपण काढले, त्याच्या आधीच्या मसुद्यात दोनशे ते तीनशे मैल अंतराचा विचार मांडला होता. अंतिम टिपणात ठराविक मैलांचा आग्रह त्यांनी सोडला. कारण उघड होते: इतक्या दूर पावतीची वाट पाहत लिहिणे त्या वेळच्या यंत्रांना परवडणारे नव्हते.

सप्टेंबर २००४ मध्ये जपानच्या हिताची कंपनीने जी नवी साठवणयंत्रणा आणली, तिच्याबरोबर आलेल्या प्रतिलेखन पद्धतीत 'जर्नल व्हॉल्यूम' ही कल्पना मध्यभागी होती. यंत्राच्या डिस्कांपैकी काही भाग केवळ रोजकीर्दीसाठी राखून ठेवावयाचा. मूळ जागेवर लेखन झाले की त्याच वेळी त्याची नोंद, अनुक्रमांकासह, या जर्नल व्हॉल्यूममध्ये जाते. एकमेकांशी संबंधित अशा सर्व डिस्कांस मिळून जर्नल एकच, त्यामुळे क्रमही एकच. मूळ यंत्र ती नोंद दूर ढकलीत नाही. दूरचे यंत्र सवडीने विचारते, 'माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आले, पुढचे दे', आणि वाचून घेते. तेथे त्याचेही एक जर्नल व्हॉल्यूम असते. आलेल्या नोंदी प्रथम त्यात उतरतात आणि मग क्रमांकानुसार प्रतीवर चढतात. मधला क्रमांक आला नसेल तर पुढचा चढत नाही, वाट पाहतो. चढविले ते कळले की मूळ यंत्र तेवढ्या नोंदींची जागा मोकळी करते. पाचोलीची तिरपी रेघ ती हीच.

यातील मर्म, मला वाटते, नोंदी स्मृतीऐवजी डिस्कवर ठेवण्यात आहे. डिस्क स्वस्त व विस्तीर्ण. तार चार तास बंद पडो, आठ तास पडो, नोंदी ओळीने साचत राहतात आणि दूरची प्रत थांबते ती एका विशिष्ट, सुसंगत क्षणावर. ती शिळी असेल, परंतु खोटी नसते. माझ्या विद्यार्थ्याने हिशेब मांडून दाखविला: सेकंदाला १० मेगाबाइट नवे लेखन होत असेल तर तासाला ३६ गिगाबाइट, आठ तासांची खोटी सोसावयाची असेल तर नोंदींच्या जादा मजकुरासह निदान तीनशे गिगाबाइट जर्नल हवे. ते कमी ठेवले तर? भरते, प्रतिलेखन थांबते, आणि पुन्हा त्या चिठ्ठ्या डकविण्याच्या जुन्या रीतीवर यावे लागते. "बहुतेक ठिकाणी इथेच काटकसर करतात, सर," तो म्हणाला.

जपानचे नाव निघाले म्हणून एक यंत्रांबाहेरचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. त्या देशात प्रत्येक कुटुंबाचे जन्म, विवाह, मृत्यू यांचे दप्तर नगरपालिकेत असते, त्याला 'कोसेकी' म्हणतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने मिनामिसानरिकू, ओनागावा, रिकुझेनताकाता आणि ओत्सुची या चार ठिकाणची मूळ कुटुंबदप्तरे गेली. सुदैवाने त्यांची नक्कल वर्षातून एकदा न्यायखात्याच्या कार्यालयाकडे जात असे, आणि लोकांनी दिलेल्या सूचनापत्रांचे कागदही तेथे वेळोवेळी पोहोचत. जुनी नक्कल पुढे ठेवून, तीवर सूचनापत्रे चढवून, दीड-दोन महिन्यांत दप्तरे पुन्हा तयार झाली. जी पत्रे अद्याप पाठविली गेली नव्हती, अशा अखेरच्या काही आठवड्यांतील नोंदींसाठी मात्र घरच्या माणसांनाच पुन्हा जाऊन सांगावे लागले. ज्यांचे कोणी उरले नसेल त्यांचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. २०१३ पासून त्या देशाने ही नक्कल दूरच्या केंद्रात रोजच्या रोज नेण्याची व्यवस्था केली.

अशा व्यवस्थेचे गोडवेच गावेत असे मात्र नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचारास पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले. बाजाराच्या खुलाशाप्रमाणे दोन दूरसंचार कंपन्यांच्या तारांत बिघाड झाला, त्याचा परिणाम साठवणयंत्रणेवर झाला आणि मूळ यंत्रणाच सेवेतून निघून गेली. चेन्नईस पर्यायी केंद्र होते. तेथे कारभार हलविला गेला नाही. प्रतीकडे जाणारी तार तुटावी आणि मुळानेच आडवे पडावे, ही अशा बांधणीतील जुनी भीती आहे. दुसरी मर्यादा त्याहून साधी आहे. चूकही इमानाने नकलली जाते. कोणी मुळातील मजकूर पुसला तर तो काही क्षणांत दूरच्या प्रतीतूनही पुसला जातो. म्हणून जुन्या, गोठविलेल्या प्रतीही निराळ्या जपाव्याच लागतात. आणि पावतीची वाट न पाहणाऱ्या कोणत्याही रीतीत अखेरच्या काही नोंदी हरवण्याची शक्यता राहतेच. त्या किती हरवल्या तर चालेल, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविणे यंत्राचे काम नव्हे.

आपल्या ग्रंथालयानेही ते ठरविले आहे. कार्यकारिणीच्या ठरावाप्रमाणे एका दिवसाहून अधिक नोंदी जाता कामा नयेत. आपल्याकडे असली मोठी यंत्रे नाहीत आणि नकोतही. परंतु रोज संध्याकाळी सात वाजता, त्या दिवसाच्या दाखल व देवघेवीच्या नोंदी, क्रमांक घालून, सत्तर किलोमीटरवरच्या एका स्नेही वाचनालयाच्या संगणकावर जातात. तेथील ग्रंथपाल क्रमांक तपासतात आणि शेवटच्या क्रमांकाची पावती पाठवितात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक संपूर्ण प्रत निराळी काढली जाते आणि ती बदलत नाहीत. हाताची रोजवही चालूच आहे. गेल्या श्रावणात तीन दिवस तार बंद होती. चौथ्या दिवशी राहिलेल्या एकशे बारा नोंदी ओळीने गेल्या. मधला एक क्रमांक गळलेला निघाला म्हणून तिकडून दूरध्वनी आला. तो कपाटाजवळच्या वहीत पाहून रात्री साडेआठला भरून पाठविला.